केरीचं शेवाळ, लाटंबार्सेची भट्टी

मार्च महिन्यात गोव्याला निघालोय म्हटलं की आमच्या मिरजेतली मंडळी डोळा मिचकावतात. मी मात्र पिशवीत ओलावा मोजायचं यंत्र, एक छोटा तराजू आणि जुनी लुंगी भरत होतो. बायको म्हणाली, "समुद्रावर चाललात ना? मग चेहरा इन्स्पेक्टरसारखा कशाला केलाय?" मी सांगितलं की मी समुद्रातलं शेवाळ जाळून बघायला चाललोय. त्यावर ती एवढंच म्हणाली, "इथलं जाळून संपलं वाटतं."

तिचंही खरं होतं. गेली वीसेक वर्षं मी भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड आणि लाकडाचा भुसा यंत्रात दाबून पांढरा कोळसा (भट्टीत घालायच्या जळणाच्या कांड्या) तयार करतो. त्यामुळे जे जे जळतं ते ते आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती समजूत घेऊन मी एसटीत बसलो.

बोलावणं केरीहून होतं. केरी म्हणजे पेडणे तालुक्याचं आणि गोव्याचंही जवळजवळ उत्तरेचं टोक. पुढे नदी, आणि नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. तिथल्या पार्वतीवहिनी मला वर्षभरापूर्वी सावंतवाडीला बचत गटांच्या प्रदर्शनात भेटल्या होत्या. माझ्या टेबलापुढे बराच वेळ घुटमळून त्यांनी प्लास्टिकची पिशवी उघडली. आत करवंटीच्या आकाराची एक करडी, ओबडधोबड वडी होती. "ही दर्यातल्या शेवाळाची," त्या म्हणाल्या. "बरी पेटता. पण कोण घेयना."

मी वडी हातात घेतली आणि न जाळताच सल्ला देऊन मोकळा झालो. म्हटलं, असली हाताने थापलेली वडी कोण घेणार? ताजं शेवाळ आणा, विहिरीच्या पाण्यात एकदा खळबळा, चार दिवस उन्हात वाळवा आणि दाबयंत्रात दाबा. पुढे वर्षभर फोनवरून मी उंटावरून शेळ्या हाकत राहिलो. वहिनींनी गटाच्या बायकांना तयार करून हाताने चालवायचं दाबयंत्र आणलं आणि या मोसमात माझ्या पद्धतीने माल केला. तो बघायला मी चाललो होतो.

आंबोलीचा घाट उतरताना माझं पोट नेहमीप्रमाणे वरच राहिलं. शेजारी बांद्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझा रंग उडालेला पाहून न विचारता एक आमसूल माझ्या हातावर ठेवलं. "दाढेखाली धरा आणि भायर बघा," त्या म्हणाल्या. मी निमूटपणे ऐकलं आणि दोन वळणांत माणसात आलो. बांद्याला उतरताना त्यांनी अख्खी पुडीच माझ्याकडे दिली. "परततानाय घाट आसाच मां!" त्यांचं नावही मला ठाऊक नाही. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या आमसुलासकट ते पुन्हा बंद करावं लागलं.

पेडण्याला बस बदलली. केरीची बस लहान होती आणि वाटेत प्रत्येक घरासमोर थांबत असावी असं वाटत होतं. कुणी पावांची पिशवी देत होतं, कुणी गॅसचं पुस्तक. सुरूच्या बनाआड समुद्र दिसला तेव्हा दुपार कलली होती. थांब्यावर वहिनींचे यजमान शाबी उभे होते. ते मूळचे सिंधुदुर्गातले, आरोंद्याकडचे. वर्षानुवर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला, आणि खाणी बंद पडल्यावर एक छोटा टेम्पो घेतला. माणूस अबोल. माझी पिशवी घेतली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पयलें जेवण."

घरी उकड्या तांदळाचा भात, सुंगटांचें हुमण (कोळंबीचं नारळाच्या रसातलं कालवण) आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं होतं. घाटाने रिकामं झालेलं माझं पोट हे सगळं बघून देवाला धन्यवाद देत होतं. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा वहिनी आत जाऊन शाबींच्या वाटचं हुमण घेऊन आल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तरी मी नको म्हटलं असतं की नाही, शंकाच आहे.

ऊन उतरल्यावर आम्ही किनाऱ्याच्या खडकांवर गेलो. ओहोटी लागली होती. काळ्या कातळाला तपकिरी शेवाळाच्या झिपऱ्या लटकल्या होत्या, त्यांना मण्यांएवढे हवेचे फुगे. सुटून वाहत आलेल्या शेवाळाचा जाडजूड पट्टा वाळूवर पडला होता. वहिनी म्हणाल्या, खडकाला धरलेलं आम्ही काढत नाही, त्यात मासळीची पिल्लं असतात. सुटून आलेलं तेवढंच गोळा करतो. मी ते वहीत टिपून घ्यायला वाकलो आणि घसरलो. वही वाचली, पण डाव्या पायातली चप्पल लाटेबरोबर तेरेखोलच्या दिशेने निघून गेली. शाबींनी आपल्या रबरी चपला काढून मला दिल्या आणि स्वतः अनवाणी त्या टोकदार कातळावरून चालत गेले.

माडांच्या बागेत पत्र्याच्या शेडखाली नवा माल रचला होता. चौकोनी, गडद, तुळतुळीत विटा. मी एक वीट दुसरीवर वाजवली, खणखणीत आवाज आला. यंत्र लावलं, यंत्र म्हणालं कोरडी. विटेवर पांढरट पूड धरली होती. ती बोटाने पुसून मी उत्तम वाळल्याची खूण म्हणून मान डोलावली. शेडबाहेर झावळ्यांखाली दुसरा ढीग होता, त्याच जुन्या करवंटीच्या आकाराच्या करड्या वड्यांचा. हातात घेतली तर वजन नाही, कडा भुसभुशीत.

"या वड्या आता माडाच्या बुडात टाका," मी म्हणालो. "खत तरी होईल."

वहिनींनी क्षणभर त्या ढिगाकडे पाहिलं. "बरें," त्या म्हणाल्या.

त्या वड्या कशा केल्या होत्या, हे मी विचारलं नाही.

चहा घेत असतानाच डिचोलीकडच्या लाटंबार्सेहून वहिनींच्या भावाचा फोन आला. सोमनाथ त्याचं नाव. काजूच्या डोंगरात त्याची भाटी आहे, म्हणजे बोंडांचा रस आंबवून त्याची दारू गाळायची भट्टी. डोंगराला वणवा लागून त्याची वर्षभराची वाळली लाकडं सकाळी जळून गेली होती. माणसं वाचली, झाडं वाचली, पण तीन पिंपं रस आंबून तयार होता. एखाद-दुसऱ्या दिवसात गाळला नाही तर त्याचं आंबट पाणी होणार. वाळकं लाकूड कुठेच नव्हतं, कारण मोसमात सगळ्यांच्याच भाट्या पेटलेल्या असतात. त्याचं घर वर्षभर मोसमाच्या दोन महिन्यांवर चालतं.

वहिनींनी फोन स्पीकर लावून माझ्यासमोरच ठेवला होता. "माजें जळण हाडूं (आणू)?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षं हा भाऊ बहिणीच्या या उद्योगाला दर्याचो कचरो म्हणत आला होता. गणपतीला माहेरी गेल्या की सगळ्यांसमोर थट्टा करायचा. तो म्हणाला, "तुज्या शेवाळान माजी भाटी चलतली?"

मला राहवलं नाही. फोन घेतला, माझी ओळख सांगितली आणि म्हणालो, "जळेल. मी जबाबदारी घेतो."

"तुमी सांगतात म्हणून हाडा," तो म्हणाला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत त्यांचं जळण पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं, आणि तेही त्यांच्या भावाने.

पहाटे उजाडताना शाबींनी टेम्पो काढला. माल रात्रीच भरून ठेवला होता. मांद्रे मागे टाकून चोपड्याला नदीकाठी आम्ही चहाला थांबलो. पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत आला, आणि आम्ही गरम पोळये (कोंड्याचे फुगीर पाव) पातळ भाजीत बुडवून खाल्ले. नदीवर धुकं होतं. जाळं झटकत बसलेला एक म्हातारा रापणकार टेम्पोजवळ आला. मागच्या फळीतून दिसणारी वीट त्याने चाचपली, मग बोट जिभेला लावलं.

"मीठ हाडलां?" त्याने विचारलं.

"जळण आहे," मी म्हणालो.

"हें? हें घामता मरे!" तो हसला.

मी हात लावून पाहिलं. विटा खरंच चिकट झाल्या होत्या. पहाटेचं दंव, मी स्वतःला सांगितलं, ऊन आलं की उडेल. वहिनी खाली बघून पाव खात राहिल्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्या दिवशी त्यातला नव्हतो.

पूल ओलांडून शिवोली, मग म्हापसा, अस्नोडा. समुद्र मागे पडला, हवा कोरडी झाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू सुरू झाले. लाटंबार्सेजवळ उघड्या काचेतून पिकल्या बोंडांचा गोड, जरासा उग्र वास आत आला आणि मला त्या वासाने एकदम प्रसन्न वाटलं. पुढच्या वळणावर डोंगराची काळी, जळकी बाजू दिसली. शाबींनी टेम्पो हळू केला.

सोमनाथ चाळिशीचा, उंच, डोळे न झोपल्याने तांबारलेले. आधी त्याने मला पेज आणि सुका बांगडा दिला, मग भाटी दाखवली. मातीच्या चुलाणावर तांब्याचं भाण (मोठं भांडं) लिंपून बसवलेलं, त्याच्या तोंडातून निघालेली नळी पाण्याच्या टाकीतून जाते आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब दारू गळते. त्या पहिल्या धारेला उर्राक म्हणतात. "जाळ मंद जाय (हवा), आणि सारको जाय," सोमनाथ म्हणाला. "भडकलो तर रस करपता. मोडलो तर सगळें पाण्यात."

पहिलं पिंप भाणात ओतलं. चुलाणात मी स्वतः विटा रचल्या आणि काडी लावली. ज्वाळा उठली. मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पाऊण तासाने नळीच्या तोंडाशी पहिला थेंब दिसला. सोमनाथने तो तळहातावर चोळून हुंगला आणि बहिणीकडे पाहून मान हलवली.

मग चुलाणात तडतडायला लागलं. फोडणीत मोहरी उडावी तसे विटांचे तुकडे बाहेर उडू लागले. ओहोटीच्या चिखलाचा वास सुटला, ज्वाळा पिवळी पडली. सळईने ढोसलं तर ती अडकली. खाली राख नव्हतीच. वितळून काचेसारखा झालेला खंगर होता, आणि त्याने हवा यायची सगळी वाट बंद केली होती. वर रचलेल्या विटा घामेजून नुसत्या धुमसत होत्या. मीठ! एकदा विहिरीत खळबळून जातं होय ते? चिपाड आणि टरफलं जाळण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला मीठ हा शब्दच कधी सुचला नव्हता. पांढरी पूड वाळल्याची खूण नव्हती, मीठच होतं ते.

थेंब मंदावले. थांबले.

"सांगिल्लें हांवें!" सोमनाथ ओरडला. मला नाही, बहिणीला. "कचरो तो कचरोच!" आणि तो शेडची लाकडी बाकं मोडायला धावला. दोन बाकांनी काय होणार होतं? मी सळई हातात घेऊन उभा होतो. चूक माझी, आणि बोलणी खात होत्या वहिनी.

वहिनी टेम्पोवर चढल्या. त्यांनी विटांच्या मागची ताडपत्री ओढली. खाली पोती होती. एक पोतं त्यांनी शाबींच्या हातात दिलं, आणि शाबींनी ते चुलाणाजवळ आणून उलथं केलं. करवंट्यांच्या आकाराच्या करड्या वड्या.

"खंगर काडा," त्या मला म्हणाल्या. मी गुडघ्यावर बसलो आणि हात भाजेपर्यंत खंगर ओढून काढला. वहिनींनी वड्या पालथ्या, एकीला एक टेकवून रचल्या, मधे फट ठेवून. त्या पेटल्या तेव्हा ज्वाळा जवळजवळ दिसलीच नाही. शेणीसारखा लाल, शांत, एकसारखा निखारा झाला. तडतड नाही, वास नाही. सोमनाथ बाक हातात धरून तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने नळीच्या तोंडाशी थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग दुसरा. मग धार लागली.

सोमनाथने बाक खाली ठेवलं. त्याने पहिली वाटीभर उर्राक घेतली, झाडाखालच्या राखणदाराला (गावाची राखण करणाऱ्या दैवताला) अर्पण केली आणि हात जोडले. मग परत येऊन चुलाणासमोर बसला आणि एक वडी हातात घेऊन उलटीपालटी बघू लागला. "ही खंयची?" त्याने विचारलं.

तेव्हा वहिनींनी सांगितलं, आणि मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. केरीला शेवाळ कोवळ्या माडाच्या बुडात ताजं घालत नाहीत, मिठाने रोप मरतं. एक अख्खा पावसाळा ते बांबूच्या मांडवावर उघडं टाकतात. पावसाने मीठ वाहून जातं, कुजायचं ते कुजतं, चिवट देठ तेवढे उरतात. सासूकडून शिकलेली रीत होती ही. "जें माडाक बादता, तें चुलीकय बादतलें, असो विचार केलो," त्या म्हणाल्या. ते देठ, सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा आणि थोडं शेण, करवंटीत दाबून.

ऊन कलायच्या आत तिन्ही पिंपं गाळून झाली. शेवटच्या पिंपाला वड्या कमी पडतील असं वाटलं, पण पुरल्या. सोमनाथ संध्याकाळी बहिणीला "जेव गो बाय" एवढंच म्हणाला. माफीबिफी त्याने काही मागितली नाही. मी मात्र मागितली, सगळ्यांसमोर, दोघांचीही. सोमनाथने माझ्या भाजलेल्या बोटांना खोबरेल लावलं आणि मला काचेच्या कोपात (पेल्यात) थोडी उर्राक दिली. इतकी चांगली गोष्ट मी इतक्या खजील तोंडाने कधी प्यालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोडामार्गच्या थांब्यावर वहिनी आणि शाबी मला सोडायला आले. एसटीला वेळ होता. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं. मग मला आधी का नाही सांगितलंत? आणि वड्या माडात न टाकता टेम्पोत का भरल्यात?"

त्या हसल्या. "तुमी घाट देवन (उतरून), पोट सांबाळीत आमच्या घरा आयिल्ले. आयल्या आयल्या तुमची चूक काडूं? पाव्हण्याक पयलें जेवूंक वाडटात, चूक मागीर सांगतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माकाय खात्री नासली हां. तुमी शिकिल्ले. म्हणून दोनूय घेतलीं."

शाबींनी त्या सगळ्या प्रवासातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "ताडपत्री हांवें घातली. तुमकां दिसूंक नाका म्हणून."

घाट चढताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती, पण ती टोचणारी नव्हती. आयुष्यात माझ्या चुका पुष्कळांनी दाखवल्या आहेत, बहुतेकांनी चारचौघांत आणि चवीने. माझी चूक ताडपत्रीखाली झाकून, तिच्यावरचा उपायही त्याच गाडीत बरोबर घेऊन येणारी माणसं मला याआधी भेटली नव्हती. केरीने मला जळण शिकवलं हे तर खरंच. पण मी ऋणी आहे तो त्या ताडपत्रीसाठी.

जुलैत वहिनींचा फोन आला. त्यांच्या आवाजापेक्षा पावसाचाच आवाज मोठा होता.

"भाऊ, सोमनाथ आयला. लाटंबार्सेसून. स्वताचें फावडें घेवन."

"कशाला?"

"मांडवावयलें शेवाळ परतूंक. सकाळसून पावसात उबो आसा. जेवूंक आपयतंय (बोलावतेय) तर येयना. म्हणता, पयलें हें परततां, मागीर जेवतां."

पलीकडे पावसात फावड्याचा आवाज येत होता.

"राहू दे वहिनी," मी म्हणालो. "आज त्याला हाक मारू नका."